अनवाणी पावलांखालून जाणारा पाइप

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी माझ्या वर दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा एक पत्रा होता, पत्र्यावर एक गालिचा होता आणि गालिच्यावर दोन अनवाणी पावले होती. मला घडवताना पुष्कळ गोष्टींचा विचार झाला होता. त्या पावलांचा मात्र झाला नव्हता.

मित्रांनो, मी एका किट कारचा एक्झॉस्ट पाइप आहे. इंजिनात इंधन जळले की जो तप्त धूर निघतो, तो माणसांपासून दूर गाडीच्या मागे नेऊन सोडणे हे माझे काम. किट कार म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि वरचे कवच असे सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने बांधलेली मोटार. आमची मोटार उघडी आणि दोन आसनांची असून ती चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये उभी राहिली. शेड वसंतरावांची. ते मूळचे साताऱ्याचे, आणि त्यांचा यंत्राचे सुटे भाग कातण्याचा छोटा कारखाना आहे. मोटार मात्र त्यांच्या मित्राची, राणोजींची. राणोजी तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातील संरक्षण कारखान्यात अवजड वाहनांची जुळणी केली आणि तेथूनच ते निवृत्त झाले. आयुष्यभर इतरांची वाहने जुळवली. स्वतःच्या घरी मात्र स्कूटरच होती. त्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसण्यात त्यांच्या पत्नीची, त्रिपुरसुंदरींची, उमेदीची सारी वर्षे गेली.

माझा जन्म स्टेनलेस स्टीलच्या सरळ नळीतून झाला. राणोजींनी प्रथम पुठ्ठ्याचे आणि जाड तारेचे नमुने करून माझा मार्ग आखला. वळण एकदम तोडून घेतले की धुराला अडथळा होतो, म्हणून त्यांनी प्रत्येक वळण मोठ्या गोलाईचे ठेवले. रस्त्यावरच्या गतिरोधकांना मी घासू नये म्हणून मला शक्य तितके वर, तळाच्या पत्र्याला लगटून बसवले. इंजिनाच्या डाव्या बाजूने निघून मी डाव्या आसनाच्या पाय ठेवायच्या जागेखालून सरळ मागे जात असे.

मी तयार झालो त्या दिवशी वसंतराव मला हातात धरून उजेडाकडे फिरवत राहिले.

"राणोजीराव, काय वळणं घेतलीत हो! वहिनी, ही वस्तू गाडीखाली लपवायची नाही. दिवाणखान्यात भिंतीवर टांगा."

"भिंतीवर जागा कुठं आहे, भावजी?" त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "तिथं अस्कं, सगळं ह्यांचंच आहे. डिप्लोमा, शील्ड, निरोपाचा फोटो. आता धुराची नळी तेवढी राहिली होती!"

कौतुक ऐकणे मला आवडले, हे मी नाकारत नाही.

आता उष्णतेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. गाडी चालू असताना इंजिनाजवळ माझे अंग तीनशे अंशांच्या वर तापते आणि आसनाखाली पोहोचेपर्यंतही ते दोनशेच्या आसपास असते. माझ्या शेजारी जे जे असेल त्याला माझ्यापासून जपावे लागते. राणोजींनी हे काम मोठ्या शिस्तीने केले. ब्रेकच्या तेलाची नळी माझ्यापासून दूर वळवली. इंधनाची नळी गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. स्टार्टरच्या तारांवर काचतंतूंची नळकांडी चढवली. रबराच्या प्रत्येक तुकड्यासमोर चकचकीत पत्र्याची ढाल उभी केली. डाव्या आसनाच्या तळाशी तापमापक लावून पाहिले तेव्हा आकडा एकसष्ट आला, आणि तो त्यांनी चालण्यासारखा मानला. एकसष्ट अंशांना पत्रा बिघडत नाही, गालिचा जळत नाही आणि बुटाच्या तळातून तो चटका माणसाला लागत नाही.

येथेच चूक झाली, मित्रांनो. कारखान्यात यंत्राजवळ बूट घातल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. घराच्या उंबरठ्यावर, देवळात, नातेवाइकांकडे राणोजी न चुकता जोडे काढत. यंत्राजवळ मात्र पायात जोडे असणारच, हे त्यांच्या मनात इतके पक्के बसले होते की तो विचार करण्याचा विषयच उरला नव्हता. त्यांच्या लेखी मोटार हे यंत्र होते. त्रिपुरसुंदरींच्या लेखी ती लक्ष्मी होती. कोणाच्याही मोटारीत बसताना त्या आधी चपला काढून हातात घेत आणि मगच आत पाय ठेवत. हे राणोजींनी शंभरदा पाहिले असेल. पण नकाशा काढताना त्यांच्या डोळ्यांसमोर बुटातले पाय होते.

तो दिवस आयुधपूजेचा होता. वसाहतीतल्या प्रत्येक शेडपुढे यंत्रांना गंध आणि फुले वाहून झाली होती, टेंपोंना झेंडूच्या माळा होत्या आणि रस्त्यावर जागोजागी कुंकू भरलेले कोहळे फोडलेले होते. आमच्या चाकांखाली लिंबे ठेवली गेली. त्रिपुरसुंदरींनी चपला शेडच्या दारात काढल्या, हात जोडले आणि त्या डाव्या आसनावर बसल्या.

"एन्नंगो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "जननीच्या वळैकाप्पूला मी कांचीपुरमला ह्याच गाडीतून जाणार. बसमधून नाही. आताच सांगून ठेवते."

जननी ही त्यांच्या बहिणीची मुलगी. तिला दिवस गेले होते आणि गर्भवतीच्या हातात बांगड्या भरण्याचा तो समारंभ नोव्हेंबरच्या अखेरीस व्हायचा होता.

"सरि, सरि. आधी एक फेरी तर होऊ दे," राणोजी म्हणाले.

त्या फेरीत गाडीला वेग घेताच आला नाही. कोहळ्यांच्या फोडी, उभे टेंपो, प्रसाद वाटणारी माणसे. आम्ही पहिल्या गियरमध्ये रांगत होतो. गाडी धावते तेव्हा खालून वाहणारा वारा मला थंड ठेवतो. त्या दिवशी वारा नव्हता. माझी उष्णता वर चढत गेली आणि मला ती थोपवता येत नव्हती.

परत आल्यावर त्रिपुरसुंदरी हसत उतरल्या. शेडची पायरी चढण्यासाठी त्यांनी पाय उचलला आणि मागून येणारे राणोजी थबकले.

"सुंदरी, थांब. पाय दाखव."

"काय पाहतां? माती लागली असेल."

माती नव्हती. तळव्याला गालिच्याचे तंतू चिकटले होते, कातडी लालभडक झाली होती आणि अंगठ्याखाली फोड धरू लागला होता.

"तुला भाजलं नाही?"

"कुठं? काहीच नाही कळलं."

वसंतरावांच्या हातातले प्रसादाचे ताट तसेच राहिले. त्रिपुरसुंदरींना अनेक वर्षे मधुमेह होता आणि त्यांच्या पायांची संवेदना मंदावली होती. त्यांच्या आईचा अंगठा अशाच एका लहान फोडातून चिघळून कापावा लागला होता. हे तिघांनाही ठाऊक होते.

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि ही जखम भरेपर्यंत जमिनीवरही अनवाणी चालू नका, असे बजावले. जखम बरी होत गेली, पण शेडमध्ये वाद पेटला.

"यात अवघड काय आहे?" राणोजी म्हणाले. "गाडीत चप्पल घालून बसायचं."

"लक्ष्मीच्या अंगावर चप्पल घालून?"

"अगं, ती लक्ष्मी नाही, यंत्र आहे!"

"मग परवा यंत्राच्या कपाळाला चंदन कोण लावत होतं? मी की तुम्ही?"

वसंतराव खोकून हसले. राणोजींनी त्यांच्याकडे रागाने पाहिले.

"हसू नका, वसंतराव. उपाय सांगा."

"उपाय सोपा. पाइपला काचतंतूंची पट्टी गुंडाळून टाका. बाजारात मिळते."

"ती चिंध्यांसारखी पाणी धरून ठेवते. आता पाऊस सुरू होईल, रस्त्यांवर पाणी साचेल. वर ही समुद्राकाठची खारी हवा. ओली पट्टी पाइपला वर्षानुवर्षे लगटून राहिली तर सांध्यांवर गंज धरेल, आणि पट्टीखाली काय चाललंय ते दिसणारही नाही."

"मग पाइप बाहेरून काढा, दाराच्या बाजूनं. दिसायलाही ऐटदार."

"आणि उतरताना साडीचा काठ, पोटरी त्यालाच लागेल. शेजारून जाणाऱ्या पोरांचं काय?"

"गाडीच्या मधोमध न्या."

"तिथं मागची चाकं फिरवणारा दांडा आहे आणि हँडब्रेकची केबल. जागा नाही."

गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन राणोजी म्हणाले, "उजवीकडे नेतो. माझ्या पायाखालून. मी बुटात असतो."

यावर पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या त्रिपुरसुंदरी शांतपणे म्हणाल्या, "आणि पुढं जननीनं चालवली तर? ती गियर हातात आला की चपला मागं फेकते. तिचे पाय भाजले तर चोकट होईल? बरं दिसेल?"

राणोजी खाली वाकले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे गाडीखाली, पाहिले. मग त्यांनी स्वतःचे बूट आणि मोजे काढून बाजूला ठेवले, अनवाणी डाव्या आसनावर जाऊन बसले आणि वसंतरावांना इंजिन सुरू करायला सांगितले. गाडी जागीच उभी, वारा नाही. पाच मिनिटे झाली नाहीत तोच त्यांनी पाय वर घेतले.

"मला पाय वर घेता आले," ते म्हणाले. "तिला कळलंही नसतं."

त्यानंतर चप्पल हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी मर्यादा नव्याने ठरवली : उघड्या पायाखाली चाळीस अंशांहून अधिक काहीही चालणार नाही, आणि ती चाचणी धावत्या गाडीत नव्हे, तर उभ्या गाडीत, इंजिन बंद केल्यावरही घ्यायची. कारण इंजिन बंद झाले की वारा थांबतो आणि साठलेली उष्णता काही काळ वरच चढत राहते.

मग मला कापण्यात आले. ज्या लांब, सरळ भागाचे सर्वांत अधिक कौतुक झाले होते तोच करवतीखाली गेला. मला वाईट वाटले. पण मी कशासाठी आहे हे मला तोपर्यंत समजले होते. दोन नवी वळणे जोडून मला पाय ठेवायच्या जागेपासून बाहेरच्या अंगाला, दाराच्या उंबऱ्याखालच्या पोकळीत सरकवले. तेथे वर कोणाचेही पाऊल पडत नाही. दाराच्या बाजूने जाळीदार पत्रा लावला, म्हणजे उतरणाऱ्याची पोटरी मला लागू नये. माझ्या आणि तळाच्या मध्ये ॲल्युमिनियमची ढाल आली. ती तळाला चिकटवली नाही. बारा मिलिमीटरची फट ठेवून उष्णता न वाहणाऱ्या चकत्यांवर उभी केली. पुढून येणारी हवा त्या फटीतून वाहते आणि उष्णता बरोबर घेऊन जाते. नुसता पत्रा उष्णता पुढे देतो. तिला अडवण्याचे काम पत्र्यामागची मोकळी हवा करते.

पहिल्या चाचणीत आकडा सेहेचाळीस आला. राणोजींनी ढाल उतरवली, पुढची कड खाली वाकवून हवेचे तोंड रुंद केले. दुसऱ्या चाचणीत बेचाळीस. "बेचाळीस म्हणजे झालंच की," वसंतराव म्हणाले. "नाही झालं," राणोजी म्हणाले. त्यांनी सायलेन्सर आणखी मागे ढकलला, गालिच्याखाली उष्णतारोधक थर घातला आणि मला टांगणारी रबरे नव्याने बसवली. तिसऱ्या चाचणीचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. फक्त पत्नीला म्हणाले, "डॉक्टरांना विचार. जायचं का ते."

डॉक्टरांनी जखम पूर्ण भरल्याची खात्री करून संमती दिली. तळवे रोज तपासण्याची अट मात्र घातली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे यंत्रे बांधाल. तेव्हा लोखंड, रबर, तेल यांची काळजी अवश्य घ्या, पण त्या यंत्राजवळ कोण, कसे, कोणत्या सवयीने बसणार आहे हे आधी विचारा. सवय बदलायला सांगणे सोपे असते. यंत्र बदलणे कष्टाचे असते. तरी बहुतेक वेळा तेच योग्य असते. आणि जे आता यंत्रे वापरतात त्यांना माझी विनंती आहे : आम्हा गाडीखाली राहणाऱ्यांना विसरू नका. पावसाळ्यानंतर ढालीच्या फटीत अडकलेली पाने आणि चिखल काढा, पाइप धरून ठेवणारे सैल झालेले पट्टे आवळा. ती फट बुजली की ढाल असून नसल्यासारखी होते. घरात ज्याला चटका जाणवत नाही असे कोणी असेल, तर त्याला बसवण्यापूर्वी स्वतःचा उघडा हात तळावर ठेवून पाहा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही कांचीपुरमला निघालो. चपला त्रिपुरसुंदरींनी नेहमीप्रमाणे काढून एका पिशवीत ठेवल्या. त्यांच्या पायाशी तापमापक तसाच लावलेला होता आणि त्याचा आकडा राणोजींना आसनावरून दिसत होता. श्रीपेरुंबुदूरजवळ कारखान्यांच्या बसगाड्यांमागे आम्ही बराच वेळ अडकलो, मी तापलो.

"किती?" त्यांनी विचारले.

"पस्तीस," राणोजी म्हणाले.

पुढे एका रेल्वे फाटकाशी पुन्हा, "किती?"

"छत्तीस. तू रस्ता बघ की, सुंदरी!"

"रस्ता तुम्ही बघा. पाय माझे आहेत."

बहिणीच्या दारात जननी बाहेर आली. मावशी उतरताच तिने मोबाइलचा दिवा लावून दोन्ही तळवे पाहिले, बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "काही नाही, मावशी. एक डागही नाही. आता आत चल, सगळे बांगड्यांसाठी खोळंबलेत."

"थांब," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "इंजिन बंद झाल्यावर अजून चढतं, असं हे सांगतात."

त्या फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. आतून बायका हाका मारत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतः वाकून तापमापक वाचला.

अडतीस अंश.