लाल नळाला हात लावू नका

मी एक गीझर. इराकमधल्या बसऱ्यात, गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्ता खलफच्या न्हाणीघरात भिंतीला पाठ टेकून कित्येक वर्षं उभा आहे. पाणी तापवणं हा माझा धर्म. आणि या घरानं मला काय करायला लावलं ते ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा कपाळाला हात लावाल!

उन्हाळ्यात मला सुट्टी असेल असं तुम्हाला वाटेल. कसली सुट्टी! इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की निळा नळ सोडला तर हात पोळतो. म्हणून उन्हाळा लागला की माझं बटण बंद करतात. मी घरात, सावलीत. माझ्या पोटातलं पाणी निवतं आणि लोक माझा लाल नळ सोडून गार पाण्यानं आंघोळ करतात. गरम तो गार आणि गार तो गरम! पहिल्या वर्षी मी हबकलोच होतो. मग सवय झाली.

पण या उन्हाळ्यात जे झालं, त्याची सवय होणं शक्यच नाही.

खलफची मुलगी शुरूक कॉम्प्युटरवर इमारतींची हलती चित्रं करते. अजून पायासुद्धा खणलेला नाही अशा इमारतीतून तुम्हाला फिरवून आणते. परदेशातल्या एका कंपनीनं तिला परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं. वेळेत दिलं तर घरी बसून कायमची नोकरी. नाही तर घर सोडून दूर उत्तरेला एर्बिलला, मामाच्या ऑफिसात. इकडे खलफचे गुडघे गेलेले, गॅरेज बंद, माणूस दिवसभर घरात. पोरगी गेली तर याचं कसं होणार, हे मला न्हाणीघरात बसून कळत होतं. घरात मात्र कोणी तोंडातून शब्द काढत नव्हतं.

वेळ गाठायची म्हणून शुरूकनं मशीनला ताकदीबाहेर पळवायला सुरुवात केली. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. मशीन भट्टीसारखं तापायचं आणि काम अर्ध्यावर टाकून बंद पडायचं. तिची खोली माझ्या भिंतीपलीकडेच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"बाबा, मशीन पाण्यानं गार करणारा तयार सेट मिळतो बाजारात. मागवू?"

"आणि ते पाणी कोण गार करणार?"

"पंखा. खोलीतल्या हवेनं."

"खोलीतल्या हवेनं!" खलफ हसला. "रोज वीज जाते, आणि जनरेटरवर एसी चालत नाही. दुपारी तुझ्या खोलीत भाकरी भाजून निघेल, पोरी. तापल्या हवेनं तापलं पाणी गार होतं होय?"

"मग फ्रीजमध्ये ठेवते मशीन!"

"ठेव की!" स्वयंपाकघरातून तिची आई, नजीबा, ओरडली. "फ्रीजमधलं डोल्म्याचं पातेलं मी तुझ्या टेबलावर ठेवते. कंपनीला तेच पाठव!"

खलफ पाय ओढत हात धुवायला आला. लाल नळ सोडला. गार पाणी हातावर पडलं आणि तो तसाच उभा राहिला. मग मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर!

"शुरूक, गार पाण्याची टाकी घरातच आहे की गं!"

"कुठे?"

"ही काय!"

अहो, मी! पाणी तापवणारा मी, आता यंत्र गार करणार? पण विचारतो कोण? माझं झाकण उघडलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं पोटात सोडलं. नळीत प्यायचं गोडं पाणी भरलं, कारण इथलं नळाचं खारं पाणी मशीनला लागलं की खेळ खलास. नळीची दोन्ही टोकं भिंतीतून शुरूकच्या खोलीत गेली. मशीनचा ताप आता नळीवाटे माझ्या पोटात येणार होता. एवढ्यावर थांबले असते तर ठीक! माझं पत्र्याचं आवरण काढलं, आतली ऊब धरून ठेवणारी लोकर काढली, उघड्या अंगावर ओलं पोतं गुंडाळलं आणि समोर पंखा लावला. लाजेनं अर्धमेला झालो.

पण जमलं हो! मशीन थांबेना. खलफ सारखा पोतं भिजवायचा आणि माझ्या अंगावर हात ठेवून बघायचा, आजाऱ्याचा ताप बघतात तसा. घरात एकच हुकूम होता: लाल नळाला हात लावायचा नाही. माझ्यातलं पाणी जेवढं बाहेर जाईल, तेवढं गच्चीवरचं उकळतं पाणी आत येणार. सगळे बादल्या भरून ठेवायचे आणि निवल्यावर आंघोळ करायचे.

काम द्यायच्या दिवशी भर दुपारी अमाराहून खलफची थोरली बहीण आली, बद्रिया आत्या. कुणाच्या तरी लग्नासाठी, बरोबर दोन सुना. तिघी घामाघूम. नजीबानं गळामिठ्या मारल्या, लिंबाचा चहा दिला आणि म्हणाली, "आधी आंघोळी उरका, वन्सं. लाल नळ सोडा, पाणी गार आहे!"

माझा कानांवर विश्वास बसेना. अगं बाई, तू? तू सांगतेस? सवय, दुसरं काय! पाहुणीला चांगलं ते द्यायची सवय.

एकीमागून एक तिघी न्हायल्या. वरून उकळतं पाणी माझ्यात धो धो उतरलं आणि पलीकडून किंकाळी आली, "बाबा! मशीन बंद पडतंय!"

आत्या ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

शुरूकनं रडत रडत सांगितलं. आत्या मटकन खाली बसली. "माझ्या आंघोळीपायी पोरगी घराबाहेर जाणार? नजीबा, अगं, मी तशीच घामेजलेली बसले असते की!"

नजीबा थोबाडीत मारून घेत होती. खलफ माझ्या पोत्यावर तांब्यानं पाणी ओतत सुटला होता.

"रडताय काय?" आत्या एकदम उठली. "बर्फवाला कुठे बसतो?"

आणि मग दोन्ही सुना आणि गल्लीतली पोरं बर्फाच्या लाद्या खांद्यावर घेऊन गच्चीवर पळाली! लाद्या टाकीत पडल्या, आत्यानं स्वतः लाल नळ सोडला, आणि माझ्या पोटात बर्फाचं पाणी उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुडकुडलो! मशीन पुन्हा सुरू झालं. काम वेळेत गेलं. शुरूकला नोकरी लागली आणि ती इथेच राहिली. त्या दिवशी खलफ माझ्या अंगाला डोकं टेकून रडला.

थंडीच्या आधी नळी काढतो, असं तो म्हणाला होता. पण काढतो काढतो म्हणत राहून गेलं.

आज हवेत पहिल्यांदा गारवा आलाय. खलफ चहाच्या टपरीवर गेलाय. शुरूक मशीनवर काम चालू ठेवून गाढ झोपलीय. हे तिचं नोकरीतलं पहिलं मोठं काम, आजच पाठवायचंय. आणि आत्या परत मुक्कामाला आलीय.

"वन्सं, गार पाण्यानं कशाला न्हाता?" नजीबा आत येत म्हणतेय. "दोन मिनिटं थांबा, गरम करते."

तिचा हात माझ्या बटणाकडे चाललाय! अगं, नळी आहे माझ्या पोटात! मी तापलो की पलीकडे मशीन बंद! तिला ऐकू जात नाही हो. तुम्हाला येतंय ना? मग बघताय काय, शुरूकला हाक मारा!