रिकामी चिमूट

कागदावर ठेवलेली पापडी बाईंनी उचललीच नाही. त्या अमृतच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुम्ही नाही घेतली?"

"आत्ताच जेवलोय," अमृत म्हणाला. घड्याळात साडेपाच वाजले होते. बाई शेजारच्या दुकानात गेल्या.

भाईंदर पश्चिमेच्या त्या फरसाणच्या दुकानात अमृत बावीस वर्षं काउंटरवर उभा होता. गिऱ्हाइकाला चव द्यायची ती आधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकून, ही त्याची पद्धत. तो चावायचा, जरा थांबायचा आणि मान डोलवायचा. मान डोलली की लोक अर्ध्याचा एक किलो करत. दिवसाला शंभर गिऱ्हाइकं म्हणजे शंभर चिमटी, आणि गिऱ्हाईक नसलं म्हणून हात स्वस्थ बसायचा असंही नाही. गोडदेवला घरी पोचेपर्यंत भूक मेलेली असायची. त्याची बायको शालन कुरकुरत ताट झाकून ठेवायची.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. वजनकाट्यावरचे आकडे भुरकट झाले. पाव किलो हाताला ठाऊक होता म्हणून निभावत होतं. रक्ताचा रिपोर्ट बघून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. सकाळी नाश्ता, दोन वेळा भाकरी-भाजी, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. एकवीस दिवसांनी तपासणी. साखर उतरली तरच ऑपरेशन. नाही उतरली तर काउंटर सुटणार, हे त्यांनी सांगितलं नाही, पण अमृतला कळलं.

पहिले दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. काउंटरवरची पाण्याची बाटली दुपारपर्यंत दोनदा रिकामी व्हायची. पेनाचं टोपण चावून चपटं झालं. हात आपोआप परातीकडे जायचा, तोंडापाशी यायचा आणि ॲप्रनमागे लपायचा. चार वाजता शेवेचा गरम घाणा बाहेर आला की तो उगाच जाऊन फुटपाथवर उभा राहायचा आणि उत्तनकडे जाणाऱ्या बस बघायचा. घरी शालनवर खेकसायचा, मग ओशाळून भांडी घासायला लागायचा.

शेवटी मालक जितेशभाईंनी विचारलंच. "अमृतभाई, तबियत बराबर छे ने? लोक बोलतात, माल बासी असेल म्हणून हे खात नाहीत."

अमृतने साखरेचं सांगितलं नाही. डोळ्याचं तर मुळीच नाही. त्याने युक्ती काढली. परातीत हात घालायचा, रिकामी चिमूट तोंडात टाकायची, रिकामंच चावायचं आणि मान डोलवायची. कुणाला कळलं नाही. खोटं कशाला बोला, त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

सोळाव्या दिवशी एल्सा आंटी आल्या. उत्तनच्या; अमृत काउंटरला लागला तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. नातवाच्या बाप्तिस्म्याला वसईहून व्याही येणार होते, तीन किलो शेव हवी होती. अमृतने चिमूट तोंडात टाकली, चावली, मान डोलवली. आंटींनी चव घेतली नाही. त्याची मान डोलल्यावर त्या कधीच घेत नसत.

तीन दिवसांनी त्या परत आल्या आणि उरलेल्या शेवेची पिशवी काउंटरवर ठेवली. भांडल्या नाहीत. तेच अमृतला जड गेलं.

"पावण्यांनी बशा तशाच ठेवल्या," त्या म्हणाल्या. "शेव खवट हाय. सून बोलली, आई, चाखून आणली न्हाय काय? मी बोलले, अमृतने चाखलीय." मग आवाज उतरला. "चाखली होतीस ना तू?"

जितेशभाई लगेच बदलून देतो म्हणाले. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तपासणी दोन दिवसांवर होती. अमृतने पिशवीची गाठ सोडली, भरगच्च चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. एकोणीस दिवसांनी. जिभेला लागताच कळलं, तेल जुनं होतं. चार वाजता फुटपाथवर पळाला नसता तर त्याला वासानेच कळलं असतं. लाजेने त्याचे कान तापले, पण तो थुंकला नाही. सावकाश चावून त्याने सगळी शेव गिळली.

"खवट आहे," तो म्हणाला. "मी चाखली नव्हती, आंटी. नुसतं तोंड हलवलं. मला साखर आहे."

आंटींनी काउंटरवरची पाण्याची बाटली उचलून त्याच्यापुढे ठेवली आणि बदलून मिळणारी शेव न घेताच त्या बस स्टॉपकडे निघाल्या.

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसाने पापडीकडे बोट दाखवलं. "भैया, ताज़ा है ना?"

अमृतचा हात परातीपर्यंत गेला. गल्ल्यावरून जितेशभाई बघत होते.

"मालूम नहीं," अमृत म्हणाला. "मैंने चखा नहीं."

त्याने एक पापडी कागदावर ठेवून पुढे सरकवली. तो माणूस चावू लागला. अमृत त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.