काठीने मेलेलं भूत

ताईचा स्वभावच संशयी. कवळ्या बनवण्याच्या धंद्यात आयुष्य गेल्यावर माणूस दुसरं काय होणार? गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, छान बसली. ताई दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावते, आणि कागद सांगतो की डावीकडची दाढ खोटं बोलतेय. त्यामुळे धाकट्या भावाने फोनवर, अगदी सहज विचारल्यासारखं करून, "तुझ्या चेटकिणीला अजून उडता येतं ना गं?" असं विचारलं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

चेटकीण म्हणजे ताईचं खेळातलं पात्र. धाकटा आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा आणि रविवारी दुपारी खेळ मांडायचा. कागद, पेन्सिल, फासे. बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं, त्याने त्यांच्यावर राक्षस आणि भुतं सोडायची. आपले फासे तो उभ्या पुठ्ठ्याच्या आड टाकी, कारण भुताचं नशीब खेळणाऱ्यांना दिसता कामा नये. भुतांचं पुस्तकही त्याच्याखेरीज कुणी उघडायचं नाही, असा रिवाज होता. आणि सगळ्यांत कडक नियम ताईनेच करून ठेवलेला होता, तरुणपणी, जिभेला हाड नव्हतं तेव्हा: ज्याचं पात्र मेलं त्याने खुर्ची सोडायची, कायमची. चुलतभाऊ असाच उठला, मग शेजारचा शिंपी. त्यांच्या खुर्च्यांवर भावजय आणि गुरांचा डॉक्टर आले; जुन्या खेळणाऱ्यांत एकटी ताईच उरली होती.

ताईला रविवारी जायला दुसरं घर नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण शनिवारीच साडीला इस्त्री करून ठेवी.

जुने नियम आता कुणी खेळत नाही म्हणून धाकट्याने नवे आणले होते आणि जुनी भुतं एकेक करून त्यांत बसवायला घेतली होती. ते वाटतं तितकं सोपं नव्हे. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं भूत भेदायला कठीण, नव्यात नेमकं उलटं. पहिल्याच खेपेला तो आकडा उलटा करायला विसरला, आणि गावंच्या गावं जाळणारा अजगर डॉक्टरच्या पहिल्या फटक्याला आडवा झाला. सगळे पोट धरून हसले. ताईही हसली, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला तेव्हाच वाटलं.

आता पाळी होती दलदलीतल्या भुताची. भावजयीच्या ऑफिसातली एक मैत्रीण खेळायला यायचं म्हणत होती, आणि टेबलाला खुर्च्या चारच. ताईने सुतावरून स्वर्ग गाठला: भावाला आपली खुर्ची रिकामी करून हवी आहे, आणि तीही त्याच भुताच्या हातून, ज्याला आपण एकदा मारलं होतं. ती लढाई ताईची शान होती. चेटकिणीचे मंत्र संपलेले, हातात नुसती काठी, आणि त्या काठीने भूत मारलं. ही गोष्ट तिची सगळ्या नात्यागोत्यात सांगून झाली होती. तोंड उघडं ठेवून बसलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितली होती, कारण त्यांना नको म्हणता येत नसे.

मधल्या वारी डबा परत करायच्या निमित्ताने ती भावाच्या घरी गेली. तो कामावर होता, भावजय आत फोनवर. टेबलावर भुतांचं जुनं पुस्तक उघडंच पडलेलं, शेजारी त्याने नव्या नियमांत बसवलेलं पान. इतक्या वर्षांत तिने त्या पुस्तकाकडे नजर वळवली नव्हती. आज वळवली.

छापलेलं स्वच्छ होतं. साध्या शस्त्राने या भुताला ओरखडाही येत नाही, चांदी किंवा मंत्रच लागतो. त्याचा एक स्पर्श झाला की कमावलेली विद्या जन्माची जाते. नव्या पानावर हेच भूत मांजर झालं होतं. चेटकिणीला उडता येतं हे धरून आकडे अशा बेताने मांडलेले की ती जखमी व्हावी पण मरू नये.

ताई खुर्चीत बसली. भावाने केसाने गळा कापला असता तरी तिला चाललं असतं. मारायला निघालेला माणूस निदान आपल्याला मोजतो. मग पुलावरचा तो राक्षस? गुहेतल्या त्या जुळ्या नागिणी? आपला एकेक विजय ती मनात चावून बघू लागली, आणि एकही धड बसेना. तिला फार लाज वाटली, आणि मग राग आला.

रविवारी सगळे बसल्यावर तिने पहिलाच प्रश्न टाकला.

"ते भूत काठीने मरतं का रे?"

डॉक्टरने चष्मा पुसायला घेतला. धाकटा म्हणाला, जुनी गोष्ट आहे, आता कुठे आठवतंय.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मी पुस्तक वाचलंय."

तो पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "तुझं लग्न मोडलं होतं, ताई. तू कुणाशी बोलत नव्हतीस, जेवत नव्हतीस. आईने तुला बळेच खेळायला बसवलं होतं. तू काठी उगारलीस आणि मी म्हटलं, मेलं. तू हसलीस. त्यानंतर मला तुला मारताच आलं नाही."

ताईचे डोळे भरून आले, पण राग काही गेला नाही.

"पुठ्ठा आडवा कर," ती म्हणाली. "आणि पुस्तकातलं भूत आण."

त्याने पुठ्ठा पाडला. सगळ्यांसमोर बिनआडोशाचे फासे टाकले. चेटकीण जीव तोडून लढली, डॉक्टर मदतीला धावला, तरी भुताने तिला गाठलंच. धाकटा घाईघाईने म्हणाला की नव्या नियमांत पडलेला माणूस लगेच मरत नाही, जगण्यासाठी त्याला तीनदा फासे टाकता येतात.

"हे पुस्तकात आहे, की तुझ्या मनात?"

भावजयीने मुकाट्याने नवं पुस्तक पुढे सरकवलं. ताईने स्वतः वाचलं, बोट ठेवून. मग फासे टाकले. वाईट पडले. पुन्हा टाकले, पुन्हा वाईट. शेवटचे तर त्याहून वाईट. ती उठून उभी राहिली.

"बस ना गं ताई," धाकटा म्हणाला. "नियम काय, आपणच केलेला."

"मी केलेला. म्हणूनच उठतेय."

टेबलाला वळसा घालून ती त्याच्या बाजूला आली, कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली आणि भुतांचं जुनं पुस्तक स्वतःपुढे घेतलं.

"पुढचं भूत मी बसवणार. तुझी भुतं चावतच नाहीत."

डॉक्टरने आपल्या पात्राच्या कागदावर हळूच हात ठेवला. धाकट्याने स्टुलाला जागा करून दिली. मग हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, विचारलं, "आणि मी कधी खेळायला बसलो, आणि माझे दिवस वाईट असले, तर?"

ताईने पान उलटलं.

"तर तुला कळू देणार नाही," ती म्हणाली.