दोन्ही गोळ्या मगरिबला

नाकात कापसाचा बोळा कोंबून हाज अब्देल-मवगूद माझ्यासमोर बसले होते आणि मी त्यांना चार वर्षं विचारत आलेला तोच प्रश्न विचारत होते. एखादी गोळी चुकली का?

"एकही नाही, सिस्टर. मोजून घे."

मोजल्या. बरोबर होत्या. रक्त पातळ करणारी ही नवी गोळी कितपत सुरक्षित आहे, याचा अभ्यास तांता शहरातल्या आमच्या दवाखान्यात चालू आहे. सकाळी एक, रात्री एक. हाज कापडगिरणीतून निवृत्त झालेले, हृदयाचे ठोके बेताल. थोरला भाऊ अर्धांगाने गेला, त्यामुळे गोळीच्या बाबतीत ते भलतेच काटेकोर. तरी काल नाकातलं रक्त दोन तास थांबलं नव्हतं.

चोविसावा रोजा. घशाला कोरड पडलेली, पाय सुजलेले. फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न मी केवळ कंटाळून विचारला, की सकाळची गोळी किती वाजता घेता?

"रोज्यात सकाळी गोळी? सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली की खजूर, पाणी आणि दोन्ही गोळ्या. दिवसाला दोनच सांगितल्यात ना?"

बारा तासांचं अंतर हवं तिथे दुप्पट मात्रा एकदम, म्हणून रक्त थांबत नव्हतं. माझी रक्तदाबाची औषधं मीसुद्धा अशीच एकदम गिळते, आणि तरी हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. समोरचा हाजचा आणि कपाटातले साठ, असे रमजानचे एकसष्ट फॉर्म होते. प्रत्येकावर माझ्या अक्षरात 'गोळी चुकली नाही'. सगळे खरंच बोलले होते.

अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर हातेम, त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे चोळले. फॉर्मवरच्या प्रश्नाला उत्तर मिळालंय, विषय संपला, म्हणाले. लिहिलंस तर चौकशी तुझी होईल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. माणूस वाईट नाही, तोही थकलाय.

परत आले तर हाजना भिंतीपलीकडून सगळं ऐकू गेलेलं.

"मला अभ्यासातून काढतील?"

"कदाचित."

"काढू देत. पण खोटारडा म्हणून लिहू नकोस. चाळीस वर्षं मागावर होतो, सुताचा धागा घरी नेला नाही."

मला माझीच लाज वाटली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने म्हणत लिहिलं, "रुग्णाने एकही गोळी चुकवली नाही. दोन्ही एकदम, सूर्यास्ताला घेतल्या. गोळ्या कधी घेता, हे परिचारिकेने विचारलं नव्हतं." खाली सही केली.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने खिशातली कागदाची पुडी काढली. आत तीन खजूर होते.

"ठेव. आज मगरिबला तू काही घरी पोचत नाहीस."

पुडी मी टेबलावर ठेवली आणि उरलेले साठ फॉर्म कपाटातून खाली काढले.