अंकुशचा कोट

"श्वास सोड जरा," अक्षता नवऱ्याला, धम्मपालला म्हणाली, "बटनच लागत नाहीये."

कोट अंकुशचा, धम्मपालच्या थोरल्या भावाचा. मॅनेजमेंट कॉलेजच्या मुलाखतीसाठी त्यानं हौसेनं शिवून घेतला होता. कामोठ्याच्या याच घरात तो धम्मपालला उपड्या बादलीवर परीक्षक म्हणून बसवायचा आणि समोर उभा राहून इंग्रजीत धडाधड उत्तरं म्हणायचा. चुकला की धम्मपाल टोकायचा. मुलाखत तोंडावर आली आणि कावीळ झाली. हां हां म्हणता माणूस गेला, कोट तेवढा डांबराच्या गोळ्यांत राहिला. आई, केशरबाई, दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवायची, पण कुणाला हात लावू द्यायची नाही.

आता तीच म्हणाली होती, "घाल की. तेवढंच त्येचं जानं हुईल."

म्हणजे बघा, जायचं कुणाला होतं आणि निघाला कोण. चाळिशी उलटलेला बाप्या, द्रोणागिरीच्या गोदामात सुपरवायझर. निवड झाली तर हातची नोकरी सोडून त्याच कॉलेजात दोन वर्षं पोरांच्या पंगतीत बसणार होता. तोवर अक्षता महापेतल्या आपल्या नोकरीच्या पगारावर घर ओढणार होती. गोदामातले हसले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. भीती वेगळीच होती. अर्ज केल्यापासून दादा घरात वावरत होता. दाढी करताना आरशात मागे, जेवताना शेजारी. दादा चोवीसचाच राहिला होता, तरी त्याच्यापुढे धम्मपाल लहानच.

मुलाखतीला तिघं बसले होते. मधल्या बाई म्हणाल्या, "स्वतःबद्दल सांगा."

धम्मपालनं तोंड उघडलं आणि उत्तर आपोआप आलं. "माय नेम इज अंकुश पोपट हिवराळे..." पुढची वाक्यंही आली, अगदी दादाच्या चढउतारासकट.

बाईंनी समोरचा कागद पाहिला. "इथे धम्मपाल लिहिलंय."

धम्मपाल भानावर आला. "सॉरी मॅडम. अंकुश माझा भाऊ. त्याला इथं यायचं होतं. तो वारला."

मग बाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला यायचंय का?"

हा प्रश्न दादानं कधी घोटवून घेतला नव्हता. धम्मपालनं सवयीनं वाट पाहिली. आतून कुणी बोलेना. त्याला फार एकटं वाटलं.

"यायचंय," तो म्हणाला. "दादा होता तेव्हापण यायचं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं."

बोलून गेला आणि चोरी केल्यासारखा खाली बघत बसला. निकाल मेलवर कळवू, एवढं ऐकून बाहेर पडला.

घरी केशरबाई दारातच उभी. "काय इचारलं रं?"

"नाव."

"नीट सांगितलं न्हवं?"

"आधी दादाचं सांगितलं. मग माझं."

तिनं कोट उतरवून घेतला. पाठीची शिवण उसवली होती. आता बोलणी बसणार, असं धम्मपालला वाटलं. पण ती उजेडाला जाऊन बसली आणि ब्लेडनं उरलीसुरली शिवणही उसवू लागली. आत दुमडलेलं कापड निघालं, अजून कोरं होतं.

"पुढं अंकुश अंगानं भरंल म्हनून मीच टेलरला जादा कापड सोडाया लावलं व्हतं," ती म्हणाली. कितीतरी वेळ त्या कापडावरून नुसता हात फिरवत राहिली. मग पदरानं डोळे पुसले.

"हिकडं यं," ती म्हणाली. "पाठ कर. तुझं माप घिऊ दे."