नणंदेची दुप्पट

वहिनी आणि नणंद एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर नोकरीला होत्या. त्यामुळे घरातलं भांडण अर्धवट राहिलं तरी बिघडत नसे, उरलेलं ऑफिसात व्हायचं.

वहिनी पुलांच्या हादऱ्यांची गणितं करी, आणि ती वाटून घेऊन सोडवणारी चारशे यंत्रं नणंदेच्या ताब्यात होती. आत्ताचं गणित नऊ दिवस चाललं होतं. वेग वाढावा म्हणून मधलं काम साठवून ठेवायची सोय वहिनीने स्वतःच बंद केली होती. शेवटपर्यंत गेलं तर सगळं, नाहीतर शून्य. उद्याच्या बैठकीत उत्तर दाखवलं नाही तर तिची नोकरी जाणार होती.

दुपारी बाराला नणंद दारात उभी राहिली. "विजेची दुरुस्ती आहे. यंत्रं बंद करायचीत. तुमचं अजून किती वेळ?"

पडद्यावर 'चाळीस मिनिटं बाकी' दिसत होतं. वहिनी त्या आकड्याला काडीची किंमत देत नसे. सोपे तुकडे आधी उरकतात, चिवट तेवढे मागे राहतात, हे पडद्याला कुठलं कळायला! खरे चार तास लागणार होते.

पण नणंद वहिनीच्या प्रत्येक आकड्याची दुप्पट करी. "अर्ध्या तासात घरी पोचते" म्हटलं, की ही तासाने चहा टाकी. चार सांगितले तर आठ धरणार, आणि तेवढं थांबता येणार नाही म्हणून आत्ताच खटका ओढणार. वहिनीने मनातल्या मनात निम्मे केले.

"दोन तास."

"नक्की?"

इथे गप्प बसायचं. पण जिभेला हाड नाही. "माझा शब्द तुम्हाला कधी खरा वाटलाय, ताई? काल तर माझ्या नवऱ्यासमोर मला खोटारडी म्हणालात!"

नणंदेचा चेहरा लाल झाला. "बरं," एवढंच म्हणून ती गेली. तिची बोलती बंद केली म्हणून वहिनीला भलताच आनंद झाला. ती चवीने जेवली.

दोन वाजून पाच मिनिटांनी भिंतीपलीकडची घरघर थांबली.

वहिनी धावत गेली. नणंदेचा हात अजून खटक्यावरच होता.

"काय केलंत हे! अजून दोन तास हवे होते!"

"तुम्हीच दोन म्हणालात. पडदाही तासाभरापासून 'एक मिनिट बाकी' म्हणत होता. वर पाच मिनिटं मी माझ्या पदरची दिली."

तुम्ही दुप्पट कराल असं वाटलं, हे वहिनीच्या ओठांवर आलं. पण ते म्हणजे खोटारडेपणाची कबुलीच होती.

"दादाला सांगा," नणंद म्हणाली, "आज पहिल्यांदा वहिनीच्या शब्दावर विश्वास ठेवला."