शेऱ्याचा रकाना

सरांचं घर माझ्या जनगणनेच्या यादीत शेवटचं होतं, एकशे अठ्ठेचाळीसावं. घरं वायव्येच्या कोपऱ्यापासून ओळीनेच घ्यायची, सख्ख्या बापासाठीसुद्धा क्रम मोडायचा नाही, हे आम्हा प्रगणकांना सरांनीच शिकवलेलं. सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझ्यासारख्या कित्येक गाढवांना वळण लावलं. गेल्या आठवड्यात त्यांचे तीन फोन आले, कुठवर आलीस म्हणून. जित्याची खोड, दुसरं काय, असं मनात म्हणत मी दर वेळी ऐटीत घर नंबर सांगितला.

आज त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म उघडला. घरातील व्यक्ती या रकान्यात मी न विचारताच दोन लिहायला गेले, तर सरांनी कागदावर हात ठेवला आणि एक लिही म्हणाले.

काकू शुश्रूषागृहात आहेत हे मला ठाऊक होतं. आधी चष्मा, मग घरचा पत्ता आणि शेवटी सरांनाच त्या विसरल्या. नियमही पाठ होता: माणूस सहा महिने घराबाहेर असेल, तर त्याला त्या घरात धरायचं नाही, असेल तिथे मोजायचं. सहा महिने कधी झाले, असं मी विचारलं.

"काल," सर म्हणाले.

तीन फोनांचा उलगडा तेव्हा झाला. मी परवाच इथे पोचले असते तर काकू या घरच्या ठरल्या असत्या. पुढची गणना दहा वर्षांनी, आणि सरांचं वय अठ्ठ्याहत्तर. मला रडू आलं आणि रागही आला.

"सांगायचं नाही का, सर?"

"सांगितलं असतं, तर तू क्रम मोडला असतास."

"मोडलाच असता."

"म्हणूनच नाही सांगितलं." मग ते हळूच म्हणाले, "ती तिथे मोजली जाईल गं, सुटणार नाही. पण या घराच्या कागदावर मी एकटा असेन."

मी एक लिहिलं. एवढासा आकडा.

मग मला त्यांचा पहिला तास आठवला. फळ्यावर त्यांनी स्टॅटिस्टिक्स हा शब्द लिहून विचारलं होतं, यात संख्या कुठे आहे? आम्ही सगळे ठोंब्यासारखे बसलो. संख्या आपल्या सांख्यिकीत आहे, यात नाही, ते म्हणाले. हा शब्द युरोपात राज्य या अर्थाच्या शब्दावरून आला. राज्यात लोक कोण आहेत, कसे राहतात, काय पिकवतात, याचं वर्णन म्हणजे स्टॅटिस्टिक्स. ते वर्णन तेव्हा साध्या वाक्यांत लिहीत. वाक्यांचं ते घर आकड्यांनी पुढे बळकावलं.

"सर, मग वाक्य लिहू?" मी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे शेऱ्याचा रकाना होता, दोन ओळींचा.

"शेरे कोणी वाचत नाही."

"तुम्ही वाचायचात. एकूण एक."

मी लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "पत्नी सहा महिने व एक दिवस शुश्रूषागृहात. घरात रोज दोन कप चहा होतो."

"खोटं आहे," सर ताडकन म्हणाले. "चहा एकच कप होतो. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, किती वेळा सांगितलं?"

मी ओशाळून दुसरं वाक्य खोडलं आणि स्वयंपाकघरात पाहायला गेले. ओट्यावर दोन कप पालथे घातले होते. दोन्ही ओले होते. एक त्यांनी सकाळी वापरलेला. दुसऱ्याबद्दल मी विचारलं नाही, पण बाहेरून सरांचा आवाज आला, एकेक शब्द मोजून, मी लिहून घ्यावं म्हणून.

"लिही. दुसरा कप वापरात नाही. रोज धुतला जातो."